पळणाऱ्या म्हातारा-म्हातारीचे डबे

डब्यावर एक गोरा म्हातारा आणि त्याची गोरी म्हातारी समुद्राच्या काठानं हसत पळत होते. दोघांचे दात शाबूत, गुडघे शाबूत, पायात मात्र काही नाही. देऊळघाटच्या आमच्या पुऱ्यात, म्हणजे वस्तीत, हा डबा पहिल्यांदा आला तेव्हा मला एकच प्रश्न पडला: ही दोघं नेमकी कशापासून पळून राहिली आहेत? उत्तर मिळायला दोन-अडीच वर्षं लागली. ती हकीकत सांगतो. यातलं जे खोटं वाटेल ते खुशाल खरं समजा. जे खरं वाटेल, त्यात मी थोडं तिखट-मीठ टाकलेलं असू शकतं.

डबा आणला पुष्पांजलीनं. गणेशची बायको, आमच्या लगतच्या दारात राहते. पुऱ्यातल्या सगळ्या बायांचे ब्लाउज तिच्याच मशीनवर शिवलेले. आता शिवणाऱ्या बाईचं असं असतं की ब्लाउज नीट बसला तर कोणी एक शब्द बोलत नाही, आणि काखेत जरा आवळला की गल्लीभर बोभाटा होतो. पंधरा-वीस वर्षं ती असं न बोललेलं ऐकत आली. मग तिची एक मैत्रीण तिला बुलढाण्याला एका हॉलमध्ये घेऊन गेली. तिथं प्रेमानंद सर नावाचे टाय लावलेले गृहस्थ होते, माईक होता, आणि खुर्च्यांवर गच्च माणसं होती. सरांनी तिला स्टेजवर बोलावलं, पुष्पांजली मॅडम म्हणाले, आणि सगळ्या हॉलनं टाळ्या वाजवल्या. तिनं काहीच केलेलं नव्हतं, नुसती जिना चढून गेली होती.

लोक म्हणतात, तिला पैशाची हाव सुटली. मी नाही म्हणत. मी तिला त्या दिवशी परत येताना पाहिलं आहे. गणेशच्या मोटरसायकलवर मागं बसली होती आणि चेहरा असा, जणू बाईला कोणी गालावर हळद लावून पाठवलं. तशा टाळ्या मला कोणी वाजवल्या असत्या तर मीही घरचं जातं विकायला काढलं असतं.

कंपनीचं नाव सुखवल्ली. डब्यात म्हणे हिरवट पावडर. ती दुधातून घेतली की माणूस डब्यावरच्यासारखा पळायला लागतो, असं सरांचं म्हणणं. पण पावडर खायची नव्हतीच मुळी, माणसं जोडायची होती. तुम्ही दोन जोडायची, त्या दोघांनी आणखी दोन-दोन. पुष्पांजलीनं एक पांढरा फळा आणला आणि त्यावर निळ्या पेननं गोल काढू लागली. वर एक गोल, त्याखाली दोन, त्याखाली चार. मी एकदा घरी बसून तो हिशोब पुढं चालवून पाहिला. देऊळघाट संपलं, बुलढाणा संपलं, तिकडं बऱ्हाणपूरपर्यंतची माणसं संपली, तरी खालची रांग अर्धी रिकामी. शेवटी बैल-म्हशींना मेंबर केलं, तेव्हा कुठं फळा भरला.

पुष्पांजलीजवळ बोलण्याची कला होती. तिनं एक गोष्ट बरोबर हेरली: आपल्याकडं काही बोलावणी अशी असतात की त्यांना नाही म्हणता येत नाही. हळदी-कुंकवाला सवाष्ण नाही म्हणत नाही. रोडग्याच्या जेवणाला कोणीच नाही म्हणत नाही. महालक्ष्म्यांच्या प्रसादाला नाही म्हणायची तर कोणाची छाती होत नाही. तर आम्ही प्रसादाला गेलो. आंबील प्यालो, भाज्या खाल्ल्या, पानाला हात पुसला, आणि महालक्ष्म्यांच्या मागून फळा निघाला. उठता येईना, कारण पोट भरलेलं. अशा रीतीनं पुऱ्यातलं एक-एक घर गोलात जाऊन बसलं, आणि एकेका घरात डबे येऊन बसले. माझ्या घरी किती बसले ते विचारू नका.

आता मजा बघा. जो तो विकणारा. घेणारा कोण? मी डबा घेऊन शेजाऱ्याकडं जावं तर तो आतून त्याचा डबा घेऊन बाहेर येई. शेवटी बायांनी तोड काढली. लग्नात आहेर करायचा तर साडी कशाला, डबा द्यायचा. डब्याला रिबिन बांधली की छान दिसतो. ज्यांना मिळाला त्यांनीही तो न उघडता पुढच्या लग्नात दिला, कारण उघडलेला डबा आहेरात चालत नाही. पुष्पांजलीची चुलत सासू गोजरबाई, सत्तरीची असेल पण नजर घारीची, तिनं एका डब्याच्या बुडाला चुन्याचं बोट लावून तो मोताळ्याच्या एका लग्नात देऊन टाकला. पावसाळ्यानंतर मेहकरच्या पाहुण्यांनी तिच्या नातवाच्या जावळाला तोच डबा आणला. बुडाला चुन्याचं बोट होतंच, शेजारी कोणीतरी काजळाचं लावलेलं, कोणी कुंकवाचं. म्हणजे हा विचार करणारी गोजरबाई एकटी नव्हती. तिनं डबा पुसला नाही, पुन्हा पाठवून दिला. मला म्हणाली, जाऊ द्या त्याले, अजून कुठं-कुठं जाते पाहू.

इथपर्यंत हसण्यासारखं होतं. पण हळूहळू पुष्पांजली गल्लीत दिसली की दारं लागू लागली. ज्या बाप्यांनी जन्मात चूल पाहिली नव्हती ते घाईनं स्वयंपाकघरात शिरू लागले. एका घरी म्हैस दिवसातून तीनदा पिळली जाई, कारण दूध काढणाऱ्या माणसाशी कोणी बोलत नाही. ब्लाउजसुद्धा बाया बुलढाण्याहून शिवून आणू लागल्या. पुष्पांजलीला ते समजत नव्हतं असं नाही. पण सर म्हणाले होते, जग हसते तेव्हाच आपण वर जातो. ती मे महिन्यात साडीवर निळा कोट घालून, घडी मोडू नये म्हणून ताठ बसून मीटिंगला जाई. कंपनीच्या सगळ्यात वरच्या, हिऱ्याच्या पदवीला तिचा आता एकच माणूस कमी होता. हिरा झाली की नागपूरच्या मोठ्या हॉलमध्ये माईकवर बोलायला मिळणार होतं.

अशात तिच्या पोरीचं, प्रेरणाचं, जमलं. प्रेरणा नर्सिंग शिकलेली, शांत पोरगी. मुलगा वरवट बकालचा शिवम, तिकडं बी-खताचं दुकान चालवतो. दोघं एकमेकांना भेटली, बोलली, आणि नंतर उगाच फोनकडं बघून हसू लागली, म्हणजे जमलंच. राहिला मुलाचा बाप, उत्तमराव. दांडगा माणूस, पांढरी टोपी, आणि स्वभावानं चौकस. पाहणीच्या दिवशी त्यांनी घर पाहिलं नाही, शेत विचारलं नाही. चहाची बशी खाली ठेवून एवढंच म्हणाले की मी घर पाहत नसतो, घरी येणारी माणसं पाहतो. साक्षगंधाला तुमचा गाव दिसू द्या. ज्यांच्या दारी माणूस येत नाही तिथं आम्ही सोयरीक करत नाही. मोठ्या पोराच्या वेळी एकदा फसलो आहे.

ते गेल्यावर प्रेरणा आईला काय म्हणाली ते भिंतीपलीकडून ऐकू आलं. भिंती पातळ आहेत, माझा दोष नाही.

"आई, मी तुले आजपर्यंत काही मांगलं नाई. एकडाव माणसं बोलाव, अन् फळा नको काढू."

पुष्पांजली आवतन द्यायला निघाली. कुंकवाची वाटी घेऊन दारोदार फिरली. सगळे म्हणाले, हाव हाव, येतो ना बाप्पा, आपल्या पोरीचं हाय. संध्याकाळी ती गोजरबाईच्या ओट्यावर येऊन बसली तेव्हा मीही तिथं सुपारी कातरत होतो. ती खुशीत सांगत होती की सगळे येतात म्हणाले.

गोजरबाईनं विचारलं, "हाव कितीकडाव म्हनले?"

"दोन-दोनदा म्हनले."

"मंग नाई येत. येनारा मानूस एकडाव म्हनते."

पुष्पांजलीचा चेहरा उतरला. गोजरबाईनं तिला सरळ सांगितलं की लोकांना वाटतं, साक्षगंधाचं नुसतं नाव आहे, पोटात मीटिंग आहे. पुष्पांजली म्हणाली, मी देवीची शपथ घेऊन सांगितलं. गोजरबाई म्हणाली, देवीची शपथ तू महालक्ष्म्यांच्या वेळीही घेतली होती, देवीच्याच पुढं उभी राहून. पुष्पांजली पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली. मग विचारलं, काय केलं तर लोक येतील?

"डबे वापस घे."

"मोठी माय, कंपनी वापस घेत नाई."

"कंपनीचं कोन सांगून राह्यलं? तू घे. आहेर म्हनून घे."

आता आहेर म्हणजे काय ते आपल्याकडच्या माणसाला सांगायला नको. आहेर घेतला की तो फेडावा लागतो. ज्यानं दिला त्याच्या घरचं लग्न असो, बारसं असो, जावळ असो, तुम्हाला जावं लागतं, आणि हात रिकामा नेता येत नाही. पुऱ्यातल्या प्रत्येक घराचा डबा घ्यायचा म्हणजे जन्मभर प्रत्येक घराचं देणं लागायचं. आणि गोलातले सगळे डबे वापस आले की हिऱ्याची पदवीही गेली, माईकही गेला. गोजरबाईनं हे सगळं तिला उलगडून सांगितलं आणि शेवटी विचारलं, "हाय कबूल?"

पुष्पांजली म्हणाली, "साक्षगंधाले आहेर कोन करते?"

"आतापासून करतील," गोजरबाई म्हणाली.

निरोप पोचवायला मी तयार होतो. पण माझ्या तोंडून निघालेलं खरं मानायची या पुऱ्यात पद्धत नाही, म्हणून गोजरबाई स्वतः काठी टेकत फिरली.

साक्षगंधाचा दिवस उजाडला. गणेशनं दारात मंडप टाकला, खुर्च्या मांडल्या. कोणी येईल असा त्याला भरवसा नव्हता, म्हणून जेवण पाहुण्यांपुरतंच सांगितलं होतं. दहाच्या सुमारास वरवट बकालच्या दोन गाड्या आल्या. उत्तमराव उतरले, टोपी नीट केली, आणि मंडपात पाहिलं. खुर्च्या रिकाम्या. गोजरबाई, मी, आणि एक कुत्रं. उत्तमराव माझ्याकडं बघून म्हणाले, गावात काही दुःखद झालं का जी. मी म्हणालो, नाही, येऊनच राहिले आहेत. आयुष्यात हे एकच वाक्य मी खरं होवो म्हणून बोललो.

आणि लोक आलेले होतेच. पण मंडपात नाही, पलीकडं निंबाखाली. सगळा पुरा तिथं उभा होता, प्रत्येकाच्या हातात पिशवी, प्रत्येक पिशवीत डबा. पुढं कोणी येईना. आधी कोणी जायचं आणि गेल्यावर फळा निघाला तर काय, हा सवाल होता. एकमेकांना कोपरानं ढोसणं चाललेलं. उत्तमराव घड्याळ पाहू लागले. आतल्या दारात साक्षगंधाची साडी नेसून प्रेरणा उभी होती; ती खुर्च्या पाहत नव्हती, आईकडं पाहत होती.

पुष्पांजली घरात गेली आणि फळा घेऊन बाहेर आली.

निंबाखालची गर्दी अशी मागं सरली की झाडावरची पाखरं उडाली. दोन-चार जण तर घराकडं वळलेसुद्धा. गणेशनं डोक्याला हात लावला. पुष्पांजलीनं कोणाकडं पाहिलं नाही. तिनं फळा मंडपात आडवा टाकला, चार विटांवर नीट बसवला. त्यावर निळ्या पेननं काढलेले गोल अजून तसेच होते. मग वांग्यांची टोपली ओतली, चाकू घेतला, आणि खाली बसून त्या गोलांवर वांगी चिरायला लागली. वांग्याच्या पाण्यानं निळी शाई ओघळली, गोल एकमेकांत गेले, आणि बोटंही निळी झाली. ती चिरतच राहिली.

निंबाखालून पहिली तानाबाई निघाली. ही आमच्या मागच्या गल्लीतली, सगळ्यात जास्त डबे पदरात पडलेली बाई. तिनं येऊन पिशवी खाली ठेवली आणि म्हणाली, "काऊन व, एकटीच चिरतं? सरक तिकडं." आणि दुसरा चाकू मागितला. मग काय विचारता. धरणाचं दार उघडावं तसा पुरा मंडपात शिरला. प्रत्येकानं प्रेरणाला कुंकू लावलं, पुष्पांजलीच्या हातात डबा दिला, आणि खुर्ची धरली. डब्यांचा ढीग ओट्याएवढा झाला, मग खिडकीएवढा. शेवटचे डबे ठेवायला शिडी लावली असं मी सांगतो. गणेश म्हणतो स्टूल होतं. असेल. चारशे गोरे म्हातारे आणि चारशे गोऱ्या म्हाताऱ्या आमच्या गल्लीत पळत उभ्या होत्या.

उत्तमराव तोंड उघडं ठेवून पाहत होते. मला हळूच म्हणाले, "एवढा आहेर? साक्षगंधाले?"

मी म्हणालो, "आमच्याकडं लय जुनी चाल हाय." हे मात्र नेहमीचं वाक्य होतं.

आता नवी पंचाईत. माणसं आली शेकड्यानं, स्वयंपाक पाहुण्यांपुरता. वांग्याची भाजी पाणी घालून वाढवता येते, पोळ्या शेजारच्या घरांतून आल्या. पण गोडाचं काय? साक्षगंधात पंगतीला गोड वाढलं नाही तर आणखी वेगळी बदनामी. गोजरबाईनं ढिगाकडं पाहिलं. एक डबा उचलला, आणि चमच्याच्या दांड्यानं झाकण उचकटलं.

खरं सांगतो, आमच्यातल्या कोणीही तो डबा आतून पाहिलेला नव्हता. अडीच वर्षं विकला, वाटला, लग्नालग्नातून फिरवला, पण आत काय आहे ते कोणाला ठाऊक नव्हतं. पुष्पांजलीलाही नाही, तिनं तर डोळे मिटून घेतले. गोजरबाईनं बोट बुडवून जिभेवर ठेवलं. जिभेनं टाळू चाचपला. आम्ही वाट पाहत होतो.

"फुटाण्याचं पीठ हाय," ती म्हणाली. "इलायची हाय. अन् काहीतरी गवतासारखं हाय. शिरा होते."

मग डबे उघडायचा एकच धडाका सुरू झाला. जिथं-तिथं चमच्याचे दांडे. मोठी कढई चढली, कोणी गूळ आणला, कोणी तूप, आणि हिरवागार शिरा रटरटायला लागला. वास असा सुटला की बुलढाण्याकडं जाणारी एस.टी. थांबली आणि कंडक्टर द्रोण घेऊन उतरला. मी दोनदा खाल्ला. त्या दिवशी मला चष्म्याशिवाय पेपर वाचता आला. दुसऱ्या दिवशी पुन्हा नाही आला, पण एक दिवस आला.

उत्तमरावांनी तीनदा घेतला. हात धुऊन ते पुष्पांजलीजवळ गेले. त्यांचे डोळे चमकत होते, आणि ती चमक मला ओळखीची वाटली.

"ईहीनबाई," ते म्हणाले, "हे काय हाय जी? एवढी मानसं एका डब्यासाठी जमतात म्हंजे काहीतरी असनच. आमच्या वरवटात अजून कोनी सुरू नाई केलं. मले जोडून घ्या ना."

वाढणाऱ्यांचे हात थांबले. एक माणूस कमी होता, आणि तो माणूस स्वतःच्या पायानं चालत आला होता, तोही उत्तमरावांसारखा वजनदार. पुष्पांजलीचा निळा हात आपोआप कमरेच्या पिशवीकडं गेला. त्या पिशवीत पेन असे, सगळ्यांना ठाऊक होतं. बोटं पिशवीच्या चेनवर थांबली. मी तिचं तोंड पाहत होतो. तिच्या कानात त्या हॉलमधल्या टाळ्या वाजत असणार. आतल्या दारात प्रेरणा अजून उभी होती. ती आईच्या हाताकडं पाहत होती.

पुष्पांजलीनं चेनीवरचा हात काढून पदराला पुसला.

"नाई जी," ती म्हणाली. "तुमी मुलाचा बाप. तुमचं आसन आमच्या वर. माह्या खालच्या गोलात ईवाई कसा बसवू?"

उत्तमरावांनी विचार केला. मानपानाचा माणूस, त्यांना ते पटलं. टोपी काढून डोकं खाजवलं. मग म्हणाले, "हे तं बरोबर हाय. पन मंग मी वर बसलो, अन् तुमी माह्या खाली आल्या तं?"

याला म्हणतात चौकस माणूस. गोजरबाईनं शिऱ्याचा एवढा मोठा गोळा उचलला आणि ईवाईच्या तोंडात घातला, व्याह्याला घास भरवायची चाल आहेच म्हणून. तो घास चावून होईपर्यंत भटजींनी सुपारी फोडायला घेतली, शिवमनं प्रेरणाच्या बोटात अंगठी घातली, आणि सगळ्या मंडपानं टाळ्या वाजवल्या. कोणी सांगितलं नव्हतं. पुष्पांजलीनं मान वर करून पाहिलं, तर लोक पोरा-पोरीकडं कमी आणि तिच्याकडं जास्त पाहत होते. ती पदर तोंडाला लावून आत निघून गेली.

आता पुऱ्यातल्या प्रत्येक घरी तिखट-मिठाला तेच डबे आहेत. पुष्पांजली दर लग्नाला, बारशाला साडी किंवा ब्लाउजपीस घेऊन जाते आणि परत येताना चार ब्लाउजांची मापं घेऊन येते. नागपूरचा माईक दुसऱ्या कोणाला मिळाला. निळा कोट गणेशनं शेतात बुजगावण्याला घातला आहे. पाखरं त्याच्या आसपास फिरकत नाहीत, बहुधा मीटिंग आहे असं समजतात.

राहिलं एक. साक्षगंधाच्या ढिगात गोजरबाईचा चुन्याच्या बोटाचा डबा नव्हता. आम्ही सगळे पालथे करून पाहिले होते. तो सापडला दिवाळीनंतर, प्रेरणाच्या लग्नात. वरवट बकालकडून नवरीच्या आईला आलेल्या आहेरात, साडीच्या घडीखाली, लाल रिबिन बांधलेला. बुड पाहिलं तर चुना, काजळ, कुंकू, हळद, आणि पानाच्या पिचकारीसारखं आणखी काहीतरी. म्हणजे वरवटातही कोणीतरी सुरू केलं होतं, किंवा उत्तमरावांनी वर बसायची सोय करून घेतली होती.

पुष्पांजलीनं गोजरबाईकडं पाहिलं, गोजरबाईनं माझ्याकडं. उत्तमराव पलीकडच्या खुर्चीवरून हसत हात जोडत होते. पुष्पांजलीनंही हसून हात जोडले. मग वऱ्हाड्यांच्या समोर तिथंच चमचा मागितला, झाकणाखाली घातला, आणि डबा उघडला, म्हणजे त्याचं फिरणं तिथंच संपलं.

मी वाकून डब्यावरची जोडी पाहिली. अजून पळतच होती. पण आता मला वाटतं, मला कळलं आहे. त्यांच्या मागं, फोटोच्या बाहेर, कोणीतरी पांढरा फळा घेऊन येत असणार.